शटर काउंट बघून जुना कॅमेरा घ्यायचा की नाही, हे कसं ठरवायचं

लग्नाचा सीझन जवळ आला की नागपुरात जुन्या बॉडींची (म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यांची) खरेदी-विक्री जोरात सुरू होते आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, भाऊ, काउंट ८५ हजार आहे, घेऊ का? काउंट म्हणजे शटर काउंट, त्या कॅमेऱ्याचं शटर आतापर्यंत किती वेळा चाललं तो आकडा. काही जण ५० हजाराच्या वर आकडा दिसला की हातच लावत नाहीत, आणि काही जण १५ हजार बघून बाकी काही न तपासता पैसे मोजून मोकळे होतात. दोन्ही चूक आहे. आकडा बघा, तो खरा आहे का हे तपासा, आणि मग शटर स्वतः चालवून बघा, अर्ध्या तासाचं काम आहे.

आधी हे शटर म्हणजे काय ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं. सेन्सरच्या (फोटो टिपणाऱ्या चिपच्या) अगदी समोर पातळ पट्ट्यांचे दोन पडदे असतात. पहिला पडदा सरकतो, सेन्सर उघडा पडतो, मग दुसरा पडदा मागून येऊन झाकतो. फुल फ्रेममध्ये, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात, सेन्सरची उंची २४ मिलिमीटर, आणि पडदा ती साधारण १/२५० सेकंदात पार करतो आणि टोकाला जाऊन जागच्या जागी थांबतो. प्रत्येक फोटोला हा धक्का बसतो. स्प्रिंग, छोटे लिव्हर, पट्ट्यांचे सांधे, सगळं यातच झिजतं.

इथे एक गैरसमज खूप आहे की १/८००० सेकंदाच्या स्पीडवर फोटो काढले तर शटर लवकर जातं. तसं नाही. पडद्याचा वेग १/६० ला जेवढा तेवढाच १/८००० लाही असतो, फरक फक्त एवढाच की फास्ट स्पीडला पहिला पडदा पूर्ण पोचायच्या आतच दुसरा निघतो आणि दोघांच्या मधली एक बारीक फट सेन्सरवरून सरकत जाते. म्हणून स्पीडची काळजी करू नका, झीज होते ती संख्येने.

आता शटर किती वेळा चालेल याचे कंपनीचे आकडे. कॅनन ६०डी, ७०डी, ८०डी आणि ६डी, या सगळ्यांना १ लाख. ५डी मार्क २ पासून मार्क ४ पर्यंत आणि ७डी ला दीड लाख. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेला १ लाख, डी७१००, डी७२०० आणि डी७५० ला दीड लाख, डी८१०, डी८५०, डी५०० ला २ लाख. सोनी ए७ मार्क ३ ला २ लाख, ए९ ला ५ लाख. कॅनन आर६ ला ३ लाख, आर५ ला ५ लाख. हे आकडे म्हणजे कंपनीने एवढ्या वेळा चालवून टेस्ट केलेलं असतं, एवढंच. त्या आकड्याला कॅमेरा बंद पडतो असं नाही, आणि तोपर्यंत चालेलच अशी गॅरंटीही नाही. ४० हजारात गेलेली शटरं असतात आणि दीड लाखवालं अडीच लाखावर मस्त चालू असलेलंही दिसतं. कधी कधी तर प्रॉब्लेम बनवण्यातच असतो. निकॉनने डी६०० च्या सेन्सरवर ठिपके पडायचे म्हणून २०१४ मध्ये शटर फुकट बदलून दिली, आणि डी७५० च्या काही लॉटसाठी पण शटर बदलायची सूचना काढली. त्यामुळे जुना डी६०० किंवा डी७५० घेताना हे काम झालं का ते विचाराच.

तुम्हाला १ लाख म्हणजे किती काळ हेही जरा मोजून बघा. घरगुती वापर, महिन्याला ५०० फोटो, तर वर्षाला ६ हजार, म्हणजे १६ वर्षं झाली. तोपर्यंत तुम्हीच कॅमेरा बदलाल. पण लग्नाचं काम असेल, हळद-लग्न-रिसेप्शन मिळून अडीच हजार फ्रेम पकडा, तर सीझनमध्ये ४० लग्नं केली की १ लाख तिथेच संपला. पेंच-ताडोबावाल्यांचं वेगळंच, सेकंदाला १० फ्रेमचा बर्स्ट दाबून धरला की वाघ रस्ता ओलांडेपर्यंत दीड-दोनशे फ्रेम सहज जातात. आणि सगळ्यात जास्त खातो तो टाइमलॅप्स (ठरावीक वेळाने फोटो काढून त्यांचा व्हिडिओ बनवणं), दर ५ सेकंदाला एक म्हटलं तरी तासाला ७२०, आणि त्याचा व्हिडिओ बनतो जेमतेम अर्ध्या मिनिटाचा. म्हणून विकणाऱ्याला आधी हे विचारा की कॅमेऱ्यावर काम कशाचं केलं.

काउंट बघायचा कसा? निकॉन आणि पेंटॅक्स प्रत्येक फोटोच्या आत काउंट लिहून ठेवतात, एक्झिफटूल नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात फाइल टाकली की शटर काउंट म्हणून ओळ दिसते. सोनीच्या बऱ्याच मॉडेलचाही त्यातच वाचता येतो. कॅननचं तसं नाही, बहुतेक मॉडेल फोटोत काउंट लिहीतच नाहीत, कॅमेरा केबलने लॅपटॉपला जोडून वेगळं सॉफ्टवेअर चालवावं लागतं आणि ते प्रत्येक मॉडेलला चालतंच असं नाही. कॅननच्याच १डी एक्स मालिकेत मात्र मेनूमध्येच दिसतो.

आता मेन गोष्ट. विकणारा व्हॉट्सॲपवर फोटो पाठवेल तर त्याचा उपयोग नाही, व्हॉट्सॲप फोटो दाबून छोटा करतं आणि आतली माहिती उडते. डॉक्युमेंट म्हणून पाठव म्हणा, कॅमेऱ्यातून निघालेला तसाच, एडिट न केलेला. आणि फाइल उघडल्यावर फक्त काउंट बघून थांबू नका, तारीख आजची आहे का आणि त्यातला सिरियल नंबर बॉडीच्या खाली छापलेल्या नंबरशी जुळतो का, दोन्ही बघा, कारण दोन वर्षांपूर्वीचा फोटो पाठवून काउंट कमी दाखवणारे आहेत. फाइलच्या नावातला नंबर तर बघूच नका, तो ९९९९ नंतर परत १ पासून सुरू होतो आणि मेनूतून रिसेटही करता येतो.

यानंतर भेटून टेस्ट, ही कधीच सोडू नका. सीताबर्डीच्या एखाद्या दुकानात बघायला गेलात तरी कॅमेरा घेऊन बाहेर उजेडात या. दुकानातल्या ट्यूबलाइट-एलईडीखाली फास्ट स्पीडला फोटो काढले तर लाइटच्या फ्लिकरमुळे पट्टे येतात आणि चांगलं शटरही खराब वाटतं. उन्हातली साधी पांढरी भिंत शोधा. कॅमेरा एम (मॅन्युअल) मोडवर, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं प्रकाश आत सोडणारं भोक) एफ १६, स्पीड १/१२५ पासून सुरू करा, भिंत फार पांढरी किंवा काळी आली तर थोडं मागेपुढे करा. मग स्पीड एक स्टॉप (म्हणजे दुप्पट) वाढवला की अ‍ॅपर्चर एक स्टॉप उघडायचं, १/२५० ला एफ ११, १/५०० ला एफ ८, असं करत जा. अ‍ॅपर्चर संपलं की आयएसओ वाढवा आणि १/४००० किंवा बॉडीत असेल तर १/८००० पर्यंत पोचा. सगळ्या फोटोत भिंत जवळपास सारखीच उजळ दिसायला पाहिजे.

शटर थकलं असेल तर ते इथेच कळतं. १/१००० पर्यंत सगळं ठीक, आणि १/४००० ला फ्रेमच्या वरच्या किंवा खालच्या बाजूला लांबीभर गडद पट्टा. म्हणजे दोन पडद्यांचा वेग आता जुळत नाही, फट वाटेत बारीक होत चालली. असा पट्टा एकदा जरी दिसला तरी मी ती बॉडी घेत नाही, काउंट २० हजार असला तरी. चारही कोपरे थोडे गडद दिसले तर घाबरू नका, ते उघड्या अ‍ॅपर्चरला लेन्समुळे होतं. मग कंटिन्युअसवर टाकून ५०-६० फ्रेम एका दमात काढा आणि कान देऊन ऐका, आवाज एकसारखा पाहिजे, मध्येच अडकला किंवा एरर आली (कॅननवर एरर ३० म्हणजे शटरचा बिघाड) तर नमस्कार करून निघा.

स्वतःच्या कॅमेऱ्याचं शटर टिकवायचं असेल तर मला विचाराल तर फोटो कमी काढा असं मी म्हणणार नाही, तो काढायलाच घेतला आहे. पण टाइमलॅप्सला, पूजेत, भाषणात कॅमेऱ्यात असेल तर इलेक्ट्रॉनिक शटर वापरा, त्यात सेन्सरच फोटो सुरू-बंद करतो, पडदे हलतच नाहीत. हॉलमध्ये स्टेजच्या एलईडीखाली मात्र त्याने पट्टे येतात आणि वेगाने हलणाऱ्या वस्तू तिरप्या दिसतात, तिथे मेकॅनिकल, म्हणजे पडद्यांचं शटरच बरं. निकॉनने झेड९ मध्ये २०२१ ला मेकॅनिकल शटर काढूनच टाकलं, तिथे हा विषयच नाही.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात धूळ ही मोठी भीती. मे महिन्यात उघड्या जिप्सीत लेन्स बदलायची नाही, बदलायचीच असेल तर गाडी थांबवून, बॉडीचं तोंड खाली करून, पटकन. पडद्याला बोट लावायचं नाही, फुंकर मारायची नाही, कॉम्प्रेस्ड हवेचा डबा तर अजिबात नाही, पट्ट्या इतक्या पातळ असतात की वाकतात. डीएसएलआरचा (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याचा) सेन्सर साफ करताना बॅटरी फुल चार्ज पाहिजे, मध्येच संपली तर आरसा आणि पडदा खाली येतात आणि स्वॅब (पुसायची काडी) आतच असतो. मिररलेसवाल्यांनी (आरसा नसलेला कॅमेरा वापरणाऱ्यांनी) लेन्सचं तोंड दुपारच्या सूर्याकडे करून कॅमेरा उघडा ठेवू नका, कॅप लावा.

आणि शटर गेलंच तर कॅमेरा भंगारात काढू नका. शटर पूर्ण युनिट म्हणून बदलता येतं. आधी कोटेशन घ्या, तीच बॉडी जुन्या बाजारात जेवढ्याला मिळते त्याच्या अर्ध्याच्या वर खर्च जात असेल तर मी बदलत नाही, खाली असेल तर नक्की बदलतो. पार्ट ओरिजिनल आहे का ते विचारा, घेऊन आल्यावर वर सांगितलेली भिंतीची टेस्ट परत करा, आणि बिलावर तारीख व त्या वेळचा काउंट लिहून घ्या, कारण शटर नवीन बसलं तरी आतला आकडा जुनाच राहिलेला असू शकतो आणि उद्या तुम्ही विकायला काढाल तेव्हा घेणारा तोच आकडा बघून भाव पाडेल, तेव्हा ते बिलच कामी येईल.