येशू देव आहे असं नवा करार सांगतो का? शास्त्र उघडताना या चुका टाळा

हा वाद बहुतेक वेळा एकाच वाटेने जातो. एक जण योहान १०:३० पुढे करतो, ‘मी आणि पिता एक आहोत’. दुसरा लगेच योहान १४:२८ काढतो, ‘पिता माझ्यापेक्षा थोर आहे’. मग तिसरा निकीयाच्या परिषदेचा (चौथ्या शतकातल्या बिशपांच्या सभेचा) विषय आणतो आणि चर्चा तिथेच फिसकटते. वचनं दोन्ही बाजूंकडे असतात, पण त्या वचनांच्या मागे काय आहे ते कोणी उघडून पाहिलेलं नसतं.

नव्या कराराची २७ पुस्तकं ज्या वर्तुळात लिहिली गेली ते यहूदी शास्त्रावर पोसलेलं होतं. देव एकच आहे, ही त्या लोकांची रोजची कबुली होती. अशा माणसांनी येशूला कुठे बसवलं हे शोधायचं तर त्यांच्या पद्धतीने शोधावं लागतं, आणि त्यांची पद्धत म्हणजे जुन्या करारातला एखादा उतारा हाताशी धरून बोलणं. ते सुटलं की खालच्या चुका ओघानेच होतात.

‘मी देव आहे’ हे वाक्य शोधत बसणं

चारही शुभवर्तमानांत येशूच्या तोंडी हे वाक्य या शब्दांत नाही. ख्रिस्ती वाचकाने हे मान्य करायला कचरू नये. समोरच्यानेही एवढ्यावर निकाल लागला असं समजू नये. नव्या करारात ‘देव’ हा शब्द सहसा पित्यासाठीच येतो. येशूला तो स्पष्टपणे लावलेला दिसतो तो मोजक्या जागी: योहान १:१, योहान २०:२८, इब्री १:८. रोमकरांस ९:५ मध्ये तर सगळा वाद वाक्य कुठे तोडायचं याचा आहे, कारण जुन्या हस्तलिखितांत विरामचिन्हं जवळपास नव्हतीच. नुसता शब्द मोजायचा ठरवलात तर हाती फार थोडं लागेल. या लेखकांना जे म्हणायचं आहे ते त्यांनी बहुतेक वेळा दुसऱ्या मार्गाने म्हटलं आहे.

बिरुदावरून अर्थ ठरवणं

‘देवाचा पुत्र’ म्हणजे देव आणि ‘मनुष्याचा पुत्र’ म्हणजे माणूस, असा सरळ हिशेब पुष्कळ जण करतात. शास्त्रात तो जवळजवळ उलटा निघतो. निर्गम ४:२२ मध्ये अख्खं इस्राएल देवाचा पुत्र आहे. दुसऱ्या स्तोत्रात सिंहासनावर बसणारा राजा देवाचा पुत्र आहे. रोमन जगात सम्राट ऑगस्टसच्या नाण्यांवर तो देवत्व पावलेल्या ज्युलियस सीझरचा पुत्र असल्याचं कोरलेलं असे. म्हणजे हे बिरुद ऐकल्याबरोबर त्रैक्याचा (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव असा) सिद्धांत कोणाच्या डोक्यात येत नसे.

‘मनुष्याचा पुत्र’ यहेज्केलाच्या पुस्तकात खरोखरच साध्या मर्त्य माणसाला उद्देशून येतं. पण दानीएल ७:१३-१४ मध्ये मनुष्यपुत्रासारखा कोणी मेघांबरोबर येतो आणि त्याला कधीही न सरणारं राज्य मिळतं. मार्क १४:६२ मध्ये प्रमुख याजकासमोर येशू हाच उतारा स्तोत्र ११० ला जोडून स्वतःबद्दल बोलतो. त्यावर प्रमुख याजक आपले कपडे फाडतो आणि ‘हे दुर्भाषण आहे’ म्हणतो. म्हणून बिरुद कोणतं आहे यापेक्षा ते कुठल्या उताऱ्यातून उचललं आहे ते आधी पाहावं.

मागचा उतारा न उघडता पुढे जाणं

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक आहे, आणि ती दोन्ही बाजूंचे लोक करतात.

फिलिप्पैकरांस २:६-११ घ्या. पौलाने हे पत्र साधारण इसवी सन ५५ ते ६२ च्या दरम्यान लिहिलं. पुष्कळ अभ्यासकांच्या मते हा उतारा म्हणजे पौलाच्याही आधी मंडळीत म्हटलं जाणारं एक गीत असावं. त्यात येशू देवाच्या स्वरूपात असूनही स्वतःला रिकामं करतो, दासाचं रूप घेतो, वधस्तंभावर मरतो. मग देव त्याला अत्युच्च करतो, ते यासाठी की येशूच्या नावापुढे प्रत्येक गुडघा टेकावा आणि प्रत्येक जिभेने तो प्रभू आहे असं कबूल करावं. इथवर वाचून थांबलात तर तुमच्या हाती फक्त एक सुंदर स्तुती आली.

आता यशया ४५ उघडा. २१ आणि २२ व्या वचनांत परमेश्वर म्हणतो की माझ्यावाचून दुसरा देव नाही. २३ व्या वचनात तो स्वतःची शपथ वाहून सांगतो की प्रत्येक गुडघा माझ्यापुढे टेकेल, प्रत्येक जीभ माझी शपथ वाहील. जुन्या करारात एकेश्वरवाद जिथे सर्वांत ठामपणे मांडला आहे अशा मोजक्या जागांपैकी ही एक. गीत रचणाऱ्याने नेमका हाच उतारा निवडला आणि त्या गुडघ्यांपुढे येशूचं नाव ठेवलं. हे नकळत झालं असं मला पटत नाही. यहूदी शास्त्र तोंडपाठ असलेल्या माणसाला यशया ४५ काय म्हणतो हे ठाऊक असणारच.

१ करिंथ ८:६ मध्ये तेच होतं. विषय मूर्तींना दाखवलेल्या नैवेद्याचा, म्हणजे देव किती आणि कोणते हाच. तिथे पौल शमाची, म्हणजे देव एकच आहे ही यहूद्यांची रोजची कबुली घेतो. अनुवाद ६:४ मध्ये ‘प्रभू आपला देव, प्रभू एकच’ असं आहे. पौलाच्या वाक्यात एकच देव म्हणजे पिता, ज्याच्यापासून सर्व काही आहे, आणि एकच प्रभू म्हणजे येशू ख्रिस्त, ज्याच्या द्वारे सर्व काही आहे. शमातले दोन शब्द त्याने दोघांना दिले आणि ‘एकच’ मात्र सोडलं नाही. येशूला शेजारी एक दुसरा देव म्हणून उभा केला असता तर पौलाचा मूर्तींविरुद्धचा सगळा युक्तिवादच कोसळला असता.

मार्क मध्ये हे आणखी दबक्या आवाजात होतं. मार्क ६:४८ मध्ये रात्रीच्या चौथ्या प्रहरी शिष्य वल्ही मारून थकलेत, येशू पाण्यावरून चालत येतो, आणि मार्क एक विचित्र तपशील देतो: तो त्यांच्या जवळून पुढे जाणार होता. मदतीला आलेला माणूस पुढे का जाईल? ईयोबाचा नववा अध्याय काढा. ८ व्या वचनात समुद्राच्या लाटांवर चालणारा एकटा देव आहे, आणि ११ व्या वचनात तो माझ्या जवळून जातो तरी मला दिसत नाही, असं ईयोब म्हणतो. निर्गम ३३ मध्ये मोशेपुढून देवाचं तेज असंच जातं. मार्क काहीही घोषित करत नाही. तो प्रसंग सांगतो आणि ज्याला शास्त्र माहीत आहे त्याच्यावर बाकीचं सोपवतो.

इथेच एक इशारा. कफर्णहूमच्या घराचं छत उकरून पक्षघाती माणसाला खाली सोडतात तो मार्क २ मधला प्रसंग एकट्याने पुरावा म्हणून मिरवू नका. शास्त्री मनात म्हणतात, देवावाचून पापांची क्षमा कोण करू शकतो? त्यांचा प्रश्न रास्त आहे. पण हाच प्रसंग सांगून मत्तय ९:८ मध्ये लोक देवाचा गौरव करतात तो ‘माणसांना असा अधिकार दिला’ म्हणून. दिलेला अधिकार आणि स्वतःचा अधिकार यांतला फरक त्या एका प्रसंगातून सुटत नाही.

‘नमन’ दिसलं की उपासना समजणं

मत्तय १८:२६ मध्ये कर्जात बुडालेला चाकर धन्यापुढे पालथा पडतो, तिथेही मूळ ग्रीक क्रियापद येशूला केलेल्या नमनासाठी येतं तेच आहे. राजापुढे वाकणं आणि देवापुढे वाकणं त्या काळी एकाच हावभावाने व्हायचं. प्रसंग बघून ठरवा.

अवताराच्या चष्म्यातून वाचणं

मराठी वाचकाकडून ही चूक सहज होते. देव माणसाच्या रूपात उतरतो ही कल्पना आपल्याला इतकी परिचित आहे की नवा करार वाचताना यात एवढं वाद घालण्यासारखं काय, असं वाटतं. प्रेषितांची कृत्ये १४ मध्ये लुस्त्र गावचे लोक नेमकं असंच बोलतात. पौल एका पांगळ्याला बरं करतो आणि जमाव ओरडतो की देव माणसांच्या रूपाने आपल्याकडे उतरले आहेत. बर्णबाला ते झ्यूस म्हणतात, बोलण्यात पुढे असलेल्या पौलाला हर्मीस. झ्यूसचा पुजारी बैल आणि फुलांच्या माळा घेऊन वेशीपाशी येतो. त्यावर दोघे आनंदत नाहीत. ते कपडे फाडतात, गर्दीत घुसतात आणि आम्हीही तुमच्यासारखीच माणसं आहोत असं ओरडून सांगतात. रोमन शताधिपती कर्नेल्य पाया पडतो तेव्हा पेत्र त्याला उठवतो (कृत्ये १०:२६). प्रकटीकरण २२ मध्ये योहान देवदूतापुढे पालथा पडतो तर देवदूत म्हणतो, असं करू नको, देवाची उपासना कर. आणि त्याच प्रकटीकरणाच्या पाचव्या अध्यायात वधलेल्या कोकऱ्यापुढे, म्हणजे येशूपुढे, स्वर्गातले वडीलजन दंडवत घालतात, सगळी सृष्टी सिंहासनावर बसलेल्याची आणि कोकऱ्याची एकत्र स्तुती करते, तेव्हा कोणी अडवत नाही.

दुसरी बाजूही या चष्म्यातून दिसत नाही. येशूचं माणूसपण हे वेषांतर आहे असं नवा करार मानत नाही. तो विहिरीपाशी थकून बसतो, लाजराच्या कबरेपाशी रडतो. योहानाच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात खऱ्या-खोट्या आत्म्याची कसोटी दिली आहे, ती म्हणजे येशू ख्रिस्त देहाने आला हे कबूल करणं. म्हणजे त्या मंडळीत भांडण लागलं होतं ते देहाच्या खरेपणावरून.

शुभवर्तमानांची शिडी मांडणं

आधी मार्कचा साधा माणूस येशू, शेवटी योहानाचा देव येशू, आणि मधली पायरी मत्तय-लूक, ही मांडणी ऐकायला पटते. पण पौलाची पत्रं मार्कच्याही आधीची आहेत. मार्क साधारण ७० च्या आसपासचा, पौलाची पत्रं साधारण ५० ते ६२ च्या दरम्यानची. शिवाय १ करिंथच्या शेवटी ग्रीक पत्रात मधेच ‘माराना था’ हे अरामी शब्द येतात, ‘आमच्या प्रभू, ये’. येशूला प्रार्थनेत हाक मारण्याची ही रीत अरामी बोलणाऱ्या पहिल्या मंडळीतून आली, हे नाकारणं अवघड आहे.

तरीही शिडी मांडणाऱ्यांच्या हाती काहीच नाही असं नाही. रोमकरांस १:३-४ मध्ये येशू पुनरुत्थानाने सामर्थ्यानिशी देवाचा पुत्र ठरतो, आणि कृत्ये २:३६ मध्ये देवाने त्याला प्रभू ‘केलं’ असं पेत्र म्हणतो. बार्ट एर्मान यांच्यासारखे अभ्यासक यात जुना टप्पा पाहतात: आधी उंचावलेला माणूस, मग हळूहळू देवपण. लॅरी हर्टाडो यांनी उलट दाखवलं की येशूची उपासना फार लवकर, यहूदी मंडळीतच सुरू झाली. मला हर्टाडो यांची बाजू जास्त भक्कम वाटते, पण कृत्ये २:३६ वगळून ती मांडू नये.

डळमळीत वचनांवर घर बांधणं

१ योहान ५:७ मधलं ‘स्वर्गात साक्ष देणारे तीन’ (पिता, शब्द आणि पवित्र आत्मा) हे वाक्य जुन्या ग्रीक हस्तलिखितांत नाही. डच विद्वान इरॅस्मसने नव्या कराराच्या १५१६ च्या ग्रीक आवृत्तीत ते घेतलं नव्हतं, १५२२ च्या आवृत्तीत आलं आणि पुढे अनेक भाषांतरांत पसरलं. १ तीमथ्य ३:१६ मध्ये ‘देव देहात प्रकट झाला’ की ‘जो देहात प्रकट झाला’ हा फरक जुन्या लिपीत एक-दोन बारीक रेघांचा आहे, आणि जुना पाठ ‘जो’ असाच दिसतो. ही दोन्ही सोडून द्या. फिलिप्पै २ जागेवर राहतं, १ करिंथ ८ जागेवर राहतं.

सगळं निकीयावर ढकलणं

३२५ साली सम्राट कॉन्स्टंटाईनने बोलावलेल्या परिषदेने मतदानाने येशूला देव केलं, ही समजूत इतिहासाला धरून नाही. ज्या धर्मगुरूच्या शिकवणीवरून ही परिषद भरली त्या आरियसचं येशू नुसता माणूस होता असं म्हणणंच नव्हतं. पुत्र सर्व सृष्टीच्या आधीचा, पण निर्माण केलेला, असं तो म्हणत होता. वाद होता तो पुत्र पित्याच्याच सत्त्वाचा आहे का यावर. निकीयाच्या दोनशेहून अधिक वर्षं आधी, सुमारे ११२ मध्ये, बिथिनियाचा रोमन सुभेदार प्लिनी सम्राट ट्रेजनला कळवतो की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून गीत गातात. इस्राएलमध्ये मगिद्दोच्या तुरुंगाच्या आवारात २००५ साली तिसऱ्या शतकातल्या प्रार्थनागृहाची फरशी सापडली. त्यावरच्या ग्रीक लेखात अकेप्तौस नावाच्या स्त्रीने ‘देव येशू ख्रिस्त’ याच्यासाठी मेज अर्पण केल्याचं लिहिलं आहे.

नकोशी वचनं झाकून ठेवणं

मार्क १०:१८ मध्ये येशू विचारतो, मला उत्तम का म्हणतोस? मार्क १३:३२ मध्ये त्या दिवसाविषयी पुत्रालाही ठाऊक नाही. फिलिप्पैच्या गीताचा शेवटही ‘देव पित्याच्या गौरवासाठी’ असा होतो. ही वचनं विरोधकांनी घुसडलेली नाहीत, येशूची उपासना करणाऱ्यांनीच ती लिहून ठेवली आणि जपली. पुत्र पित्याच्या अधीन आहे आणि तरीही त्याला देवाची जागा आहे, हे दोन्ही एकाच हाताने लिहिलेलं आहे. म्हणून मंडळीत अभ्यास घेताना योहान २० अर्धा वाचू नका. २८ व्या वचनात थोमा येशूला ‘माझा प्रभू, माझा देव’ म्हणतो आणि येशू त्याला अडवत नाही. त्याआधी १७ व्या वचनात तोच येशू मरिया मग्दालियेला सांगतो की मी माझ्या देवाकडे आणि तुमच्या देवाकडे वर जातो. दोन्ही मोठ्याने वाचा, आणि घाईने समेट घडवण्याआधी ऐकणाऱ्यांना त्यावर विचारू द्या.