चावट जाहिरात स्त्रीला कमी लेखते का, हे कसं तपासावं

पुरुषांसाठी केलेली चावट जाहिरात समोर आली की चर्चा लगेच ‘किती उघडं दाखवलंय’ इथे येऊन अडकते. तो प्रश्न अश्लीलतेचा. जाहिरात लिंगभेदी आहे का, हा प्रश्न वेगळा, आणि दोन्हींची उत्तरं जुळतीलच असं नाही. ब्रिटनमध्ये १४ जून २०१९ पासून स्त्री-पुरुषांच्या हानिकारक, साचेबंद चित्रणाला मनाई करणारा नियम लागू झाला. त्याखाली सर्वांत आधी रोखलेल्या दोन जाहिराती फोक्सवॅगनच्या इलेक्ट्रिक गाडीच्या आणि फिलाडेल्फिया चीजच्या होत्या. लैंगिक म्हणावं असं दोन्हींत काहीच नव्हतं. एकीत पुरुष अंतराळयानात आणि एक बाई बाबागाडीशेजारी बाकावर. दुसरीत खाण्याच्या नादात तान्ह्या बाळांचं भान सुटलेले बाप. तक्रारींच्या आकड्यावरूनही निकाल लागत नाही: गाडीविरुद्ध ३ तक्रारी होत्या, चीजविरुद्ध १२८, आणि दोन्हींवर कारवाई तीच झाली.

म्हणून तपासायला बसताना दोन वेगळे कागद घ्या. एकावर चावटपणाबद्दल लिहा, दुसऱ्यावर तुच्छतेबद्दल. पुढचं सगळं दुसऱ्या कागदासाठी आहे.

आधी नुसतं बघणं

जाहिरात तीनदा बघा. पहिल्यांदा आवाज बंद ठेवून, दुसऱ्यांदा डोळे मिटून फक्त ऐकत, तिसऱ्यांदा पूर्ण. संगीत आणि निवेदकाचा खेळकर सूर चित्रावर गोड लेप चढवतात. आवाज काढला की तो लेप उतरतो. मग शॉटची यादी करा. प्रत्येक शॉटपुढे पाच गोष्टी लिहा: फ्रेममध्ये कोण आहे, शरीराचा कुठला भाग दिसतो, किती सेकंद, बोलतं कोण, आणि प्रसंगातला निर्णय कोण घेतं. चेहरा न दाखवता नुसतं अंग दाखवणारे शॉट वेगळे मोजा. स्त्रीचे असे चार आणि पुरुषाचा एकही नाही, असं निघालं तर कॅमेऱ्याने आपली बाजू आधीच घेतलेली असते.

पायाचं वाक्य

खरी तपासणी इथे आहे, आणि वेळही इथेच घालवावा. प्रत्येक विनोद एका न उच्चारलेल्या वाक्यावर उभा असतो. बघणाऱ्याने ते वाक्य क्षणभर मान्य केलं नाही तर हसू येत नाही. ते वाक्य शोधून, साध्या शब्दांत, कर्ता-कर्म-क्रियापदासह लिहून काढा.

समजा, एका डिओडरंटचा फवारा मारताच ऑफिसातल्या सगळ्या बायका कामं टाकून त्या पुरुषामागे धावतात. पायाचं वाक्य: बाई मिळवायला तिची इच्छा लागत नाही, योग्य वस्तू लागते. आता दुसरी बघा. कंडोमचं पाकीट घाईत फाडता न येणारा नवरा, आणि शांतपणे ते बाजूला असलेल्या खाचेतून उघडून देणारी बायको. पायाचं वाक्य: उतावळेपणाने काम बिघडतं. ही जाहिरात पहिलीपेक्षा कितीतरी जास्त चावट आहे, थेट शरीरसंबंधाबद्दल आहे, तरी तिच्यात कोणी लहान होत नाही. ऑडीने २०१७ मध्ये चीनमध्ये दाखवलेल्या जाहिरातीत लग्नाच्या ऐन वेळी सासू नवरीचे नाक, कान, दात तपासते आणि पुढे वापरलेली गाडी तपासून घेण्याचा सल्ला येतो. तिथलं वाक्य शोधावंही लागत नाही. कंपनीला माफी मागावी लागली.

हे वाक्य लिहिताना बहुतेकांचा हात सैल पडतो. डिओडरंटबद्दल ‘बायकांना सुगंध आवडतो’ असं लिहून मोकळे होतात. पण एवढ्या वाक्यावर तो विनोद उभाच राहत नाही. सुगंध आवडणं आणि भान हरपून धावणं, यांच्यातलं अंतर हसवतं. तेव्हा लिहिलेल्या वाक्याला एक प्रश्न विचारा: एवढंच मानलं तर हसू येईल का? नाही आलं, तर अजून खाली जा.

‘अहो, ही अतिशयोक्ती आहे’ हा बचाव हमखास येतो. तो सरसकट फेटाळू नका, अतिशयोक्ती कशाची आहे ते विचारा. पुरुषाच्या भाबड्या स्वप्नाची अतिशयोक्ती असेल, म्हणजे तो स्वप्नात रंगलाय आणि बायका आपापल्या कामात आहेत, तर हसणं त्याच्यावर आहे. बायकांच्या उथळपणाची अतिशयोक्ती असेल, तर हसणं त्यांच्यावर आहे. चित्रं जवळपास सारखी असूनही अर्थ उलटा होतो.

अदलाबदल

बाईच्या जागी पुरुष ठेवून बघण्याची युक्ती सगळ्यांना माहीत आहे, पण ती एकटी फसवते. अर्धनग्न पुरुष गाडीच्या बॉनेटवर झोपवला की दृश्य विचित्र वाटतं, आणि उलट बाजूने ‘मग पुरुषांनाही तसं दाखवलं की बरोबरी झाली’ असा युक्तिवाद होतो. दोघांच्या वाट्याला आलेली वागणूक सारखी नाही, म्हणून ही फिरवाफिरव काटेकोर मोजमाप देत नाही.

त्यापेक्षा बाईच्या जागी वस्तू ठेवा. पटकथेत ‘ती’च्या जागी ‘बाटली’ किंवा ‘ट्रॉफी’ लिहा आणि पुन्हा वाचा. विनोद एका अक्षराचाही फरक न पडता चालला, तर ती आधीपासून वस्तूच होती. तत्त्वज्ञ मार्था नुसबाम यांनी १९९५ मध्ये माणसाला वस्तू बनवण्याची सात लक्षणं मांडली. जाहिरातीत त्यातली तीन सर्वांत जास्त सापडतात: व्यक्तीचा निव्वळ साधन म्हणून वापर, तिच्या भावनांना किंमत नसणं, आणि एकीच्या जागी दुसरी चालणं. तिसरं लक्षण डोळ्यांआड होतं. एकसारख्या दिसणाऱ्या पाच मुली रांगेत उभ्या केल्या की तेच घडतं, कपडे कितीही पूर्ण असोत.

संमती

दोघांच्या थट्टामस्करीत दोघांनाही ‘नको’ म्हणायला जागा असते. ती जागा पडद्यावर दिसते का, हे बघा. भारतात जून २०२२ मध्ये लेयर शॉट या डिओडरंटच्या जाहिरातीत दुकानात आलेली मुलगी मागच्या चार पुरुषांचं ‘शॉट कोण घेणार’ हे बोलणं आपल्याबद्दलच आहे असं वाटून दचकते. ते बोलत असतात बाटलीबद्दल. नग्नता शून्य. पण विनोद उभा होता तिच्या भीतीवर. सरकारने ती ट्विटर आणि यूट्यूबवरून काढायला लावली. स्त्रीचा चेहरा भेदरलेला आणि बघणाऱ्याने सुटकेचं हसायचं, अशी मांडणी दुरुस्त होत नसते. ती टाकूनच द्यावी.

पुरुषांचं चित्रणही याच कागदावर लिहा. ‘छाती दिसली की याची अक्कल गेली’ हे पुरुषालाही कमी लेखणं आहे, आणि त्याच्या वागण्याची जबाबदारी ते गुपचूप बाईच्या अंगावर ढकलतं.

लोकांवर चाचणी

सहा-आठ पुरुष आणि तितक्याच स्त्रिया घ्या, पण एकेकट्याला दाखवा. गटात एक हसला की बाकीचे हसतात आणि खरं मत दबतं. ‘राग आला का?’ विचारू नका. उत्तर ‘नाही’च येतं. तीन-चार वाक्यांत गोष्ट सांगायला लावा आणि मग विचारा, ‘त्यातल्या बाईला काय हवं होतं?’ बहुतेकांना उत्तर सुचलं नाही, तर पात्र रिकामं आहे. दुसऱ्या दिवशी ब्रँडचं नाव विचारा. २०१८ मध्ये ७८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात लैंगिक आकर्षणाच्या जाहिराती जास्त लक्षात राहिल्या, पण ब्रँड नाही, आणि विकत घेण्याची इच्छाही वाढली नाही.

‘नुसता विनोद आहे’ म्हणणाऱ्यांसाठी मानसशास्त्रज्ञ थॉमस फोर्ड आणि सहकाऱ्यांचा २००८ चा प्रयोग सांगण्यासारखा आहे. स्त्रियांबद्दल आधीच आकस असलेल्या पुरुषांनी स्त्रीविरोधी विनोद वाचल्यावर स्त्रियांच्या संस्थेला कमी देणगी देण्याची तयारी दाखवली. विनोद नसलेली तशीच विधानं वाचल्यावर तसं झालं नाही. म्हणजे विनोदातून आकस जन्मला नाही, त्याला मोकळीक मिळाली.

दुरुस्ती, आणि ती कुठे फसते

दुरुस्ती पायाच्या वाक्यापासून करा. हसण्याचा रोख प्रसंगावर, उत्पादनावर किंवा पुरुषाच्या फुशारकीवर वळवा, किंवा बाईला स्वतःची इच्छा आणि शेवटचा टोला द्या. शेवटी बाईने कानाखाली वाजवली की झालं, असं समजू नका. पंचवीस सेकंद तिच्या अंगावर फिरलेला कॅमेरा एका चापटीने मागे जात नाही. ‘आम्हालाही कळतंय हे बुरसटलेलं आहे’ असा डोळा मिचकावूनही चित्र तेच राहतं.

सगळं नीट झाल्यावरही जाहिरात एका जागी घसरते: छोट्या आवृत्त्यांत. तीस सेकंदांची फिल्म दहा आणि सहा सेकंदांवर आणताना उत्तर देणारी बाई कापली जाते आणि शरीराचा शॉट उरतो, कारण तो चटकन लक्ष वेधतो. थंबनेल आणि होर्डिंगवर तर एकच फ्रेम असते, आणि बहुधा तीच. म्हणून प्रत्येक लांबीची आवृत्ती, थंबनेल आणि होर्डिंग वेगळं घेऊन पायाचं वाक्य पुन्हा लिहा. मूळ फिल्मच्या वाक्याशी ते जुळलं नाही, तर ती आवृत्ती थांबवा आणि संकलकाला कुठला शॉट परत हवा ते सेकंदासह लिहून द्या.