मोबाईलमधला पुरावा ‘निशाणी’ (कोर्टाच्या नोंदीवर आलेला पुरावा) होईपर्यंत: चॅट, रेकॉर्डिंग आणि सीसीटीव्ही कोर्टात टिकवायचं कसं

कुणी उसने घेतलेले पैसे ‘दिवाळीनंतर देतो’ असं व्हॉट्सॲपवर कबूल केलेलं असतं. कुणाला फोनवर धमकी आलेली असते, तर कुणाच्या सोसायटीच्या जिन्यातल्या कॅमेऱ्यात चोर स्पष्ट दिसत असतो. पुरावा हाताशी आहे म्हणून माणूस निर्धास्त होतो, स्क्रीनशॉट काढून वकिलाला पाठवतो आणि मोकळा होतो. दोन वर्षांनी उलटतपासणीत समोरचा वकील शांतपणे विचारतो, “हा स्क्रीनशॉट कुठल्या फोनमधला? तो फोन कुठे आहे?” फोन तोवर एक्सचेंज ऑफरमध्ये गेलेला असतो. असा पुरावा आरोपीने नाही, तक्रारदारानेच घालवलेला असतो.

कायद्यापुरतं थोडक्यात. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू आहे. त्याआधीपासून प्रलंबित असलेल्या प्रकरणांना जुना पुरावा कायदाच लागतो. जुन्या कायद्यातलं ६५-ब कलम वकिलांच्या तोंडी अजून आहे, पण नव्यात त्याची जागा कलम ६३ ने घेतली आहे. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत (प्रिंट, पेन ड्राईव्ह, सीडी) दाखल करायची तर सोबत प्रमाणपत्र, म्हणजे ती कुठल्या उपकरणातून आली हे सांगणारा सहीचा कागद, लागतं. हे प्रमाणपत्र किती महत्त्वाचं, ते जालन्याच्या निकालाने पक्कं केलं. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत तिथे अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत उलटल्यावर दाखल झाला, असा त्यांचे पराभूत प्रतिस्पर्धी कैलास गोरंट्याल यांचा दावा होता आणि त्याचा आधार होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण. अधिकाऱ्यांकडे वारंवार मागूनही प्रमाणपत्र मिळालं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० ला सांगितलं की प्रमाणपत्र सक्तीचंच आहे. पण ज्याने ते मिळवायचे सगळे प्रयत्न केले आणि ते मिळणं ज्याच्या हातात नव्हतं, त्याला त्याची शिक्षा नको. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ती निवड रद्द केली होती, तो निर्णय कायम राहिला. याच निकालात एक सोपी वाटही आहे: फोन तुमचा असेल, तुम्ही तो मूळ फोनच कोर्टात हजर केलात आणि पिंजऱ्यात उभं राहून तो आपला असल्याची साक्ष दिलीत, तर प्रमाणपत्र लागत नाही. म्हणून फोन विकू नका.

पैसे ऑनलाइन गेले असतील, तर पुढचं सगळं बाजूला ठेवून आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. व्यवहाराचा संदर्भ क्रमांक (यूपीआयचा बारा अंकी असतो), रक्कम, तारीख-वेळ आणि आपला खाते क्रमांक समोर घेऊन बसा. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता येते, नंतर फक्त तिचा माग काढत बसावं लागतं.

चॅट

समोरचा माणूस ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करेल अशी धास्ती असेल, तर पहिलं काम फोन फ्लाइट मोडवर टाकण्याचं. नेट नसेल तोवर त्याची पुसण्याची आज्ञा तुमच्या फोनपर्यंत पोचत नाही. मात्र आपोआप नाहीसे होणारे संदेश चालू असतील तर त्यावर विसंबू नका, ते घड्याळ फोनमध्येच चालतं.

मग दुसऱ्या फोनने सलग, न तोडता व्हिडिओ घ्या. आधी स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश डायल करून आयएमईआय क्रमांक (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) दाखवा. मग फोनची तारीख-वेळ, व्हॉट्सॲपच्या सेटिंगमधला तुमचा नंबर, त्यानंतर समोरच्याच्या नावावर टिचकी मारून त्याचा पूर्ण नंबर. एवढं झालं की चॅट वरून खाली सावकाश सरकवा. नंबरचं पान लोक हमखास विसरतात. तुम्ही नंबर ‘बंड्या प्लंबर’ म्हणून साठवला असेल, तर स्क्रीनशॉटवरही आणि एक्सपोर्टमध्येही ‘बंड्या प्लंबर’ एवढंच येतं. तो कोण, हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर.

यानंतर तीन ठिपक्यांच्या मेनूतून ‘एक्सपोर्ट चॅट’ करा आणि फाईल स्वतःच्याच ईमेलवर पाठवा. एक लक्षात ठेवा, ही साधी मजकुराची फाईल असते आणि कुणीही ती नोटपॅडमध्ये बदलू शकतं. ती सोयीची प्रत आहे. खरा भार मूळ फोनवर. तारखाही तपासा: फोनच्या सेटिंगप्रमाणे ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, याचा घोळ होतो आणि दाव्याच्या मुदतीचा प्रश्न असेल तर तो महागात पडतो.

तुम्हाला अडचणीचे वाटणारे संदेश गाळू नका. तुम्ही दिलेल्या शिव्या समोरच्याच्या फोनमध्येही आहेत. त्याने पूर्ण चॅट आणलं की तुमच्या निवडक पानांवरचा विश्वास उडतो.

रेकॉर्डिंग

फाईल जशी आहे तशी ठेवा. आधीची रिंग कापणं, आवाज वाढवणं, एमपीथ्री करणं, काहीही नको. ऐकायला सोपी प्रत हवी तर वेगळी करा. सर्वोच्च न्यायालयाने आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७२ च्या निकालात टेपबद्दल तीन गोष्टी पाहिल्या होत्या: संभाषण वादाशी संबंधित आहे का, आवाज ओळखता येतो का, आणि खाडाखोडीची शक्यता दूर झाली आहे का. मुंबईच्या कॉरोनरविरुद्धचं (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी) लाचेचं प्रकरण होतं ते. टेप जाऊन फोन आला तरी प्रश्न तेच आहेत. आता तर “हा आवाज एआयने बनवलाय” हा बचाव फुकट मिळतो, त्यामुळे मूळ फाईल मूळ फोनमध्ये असण्याला जास्तच किंमत आली आहे. आवाज माझा नाहीच असं समोरचा म्हणाला, तर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४९ खाली दंडाधिकारी आवाजाचा नमुना देण्याचा आदेश देऊ शकतात.

सोबत संभाषणाचा लेखी उतारा द्यायचा तो बोललं तसाच. ‘तुला बगून घेतो’ याचं ‘तुला पाहून घेईन’ करू नका. रेकॉर्डिंग आणि कागद यांत फरक दिसला की विरुद्ध वकील तासभर त्यावरच काढतो.

चोरून रेकॉर्ड करणं बरोबर का, हा प्रश्न इथे येतोच, आणि त्यात दोन गोष्टींची गल्लत होते. पुरावा कोर्टात चालणं वेगळं आणि तो मिळवण्याची रीत कायदेशीर असणं वेगळं. मलकानी निकालाचा सूर असा की पुरावा गैरमार्गाने मिळाला एवढ्यावर तो बाद होत नाही. २०१७ मध्ये खाजगीपणा मूलभूत हक्क ठरला, तेव्हा हे बदलेल असं अनेकांना वाटलं. पण १४ जुलै २०२५ ला (जालन्याच्या निकालाला त्याच दिवशी पाच वर्षं झाली होती) सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोटाच्या प्रकरणात जोडीदाराचं गुपचूप रेकॉर्ड केलेलं संभाषण पुरावा म्हणून घ्यायला परवानगी दिली. नवरा-बायकोत एकमेकांवर पाळत ठेवायची वेळ आली असेल, तर ते लग्न आधीच मोडकळीला आलेलं असतं, असा त्यामागचा युक्तिवाद. आमच्या मते हा युक्तिवाद अर्धाच पटतो, कारण ज्याच्या हातात घरातला फोन आणि पैसा, तोच पाळत ठेवू शकतो.

व्यवहारात सीमा अशी धरा: ज्या संभाषणात तुम्ही स्वतः बोलत आहात ते रेकॉर्ड करा. दुसऱ्या दोघांचं बोलणं टॅप करणं, बायकोच्या किंवा नवऱ्याच्या फोनमध्ये पाळत ठेवणारं ॲप बसवणं, पासवर्ड फोडून मेल वाचणं, यात माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली तुम्हीच आरोपी व्हाल. पुरावा कदाचित टिकेल, पण गुन्हा तुमच्यावरही दाखल होईल.

सीसीटीव्ही

इथे शत्रू घड्याळ आहे. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट या वेगाने सतत रेकॉर्ड करत असेल, तर दिवसाला २१-२२ जीबी खातो. आठ कॅमेरे म्हणजे १७० जीबीच्या वर. डीव्हीआरमध्ये (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) एक टीबीची डिस्क असेल तर सहाव्या दिवशी जुन्यावर नवं लिहिलं जातं. ‘महिनाभराचं फूटेज असतं’ हे वॉचमनचं म्हणणं धरून बसू नका.

त्याच दिवशी सोसायटीच्या सचिवांना लेखी अर्ज द्या: कॅमेरा क्रमांक, तारीख, कधीपासून कधीपर्यंत, आणि ‘हे फूटेज राखून ठेवावे’ एवढी ओळ. घटनेच्या आधीचा आणि नंतरचा अर्धा-अर्धा तास मागा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. डीव्हीआरच्या पडद्याचा आणि शेजारी धरलेल्या मोबाईलच्या घड्याळाचा एकत्र फोटो काढा. डीव्हीआरचं घड्याळ काही मिनिटं पुढे-मागे असू शकतं, आणि हा फरक आज नोंदवला नाही तर कॉल रेकॉर्डशी वेळा जुळत नाहीत. फूटेज मूळ फॉरमॅटमध्येच उतरवा, त्याचं प्लेअर सॉफ्टवेअरही सोबत घ्या. पडद्यावर चालणाऱ्या फूटेजचं मोबाईलने केलेलं शूटिंग पोलिसांना माहिती म्हणून ठीक, पुरावा म्हणून दुबळं.

हॅश

हॅश म्हणजे फाईलच्या बोटाचा ठसा. सगळ्या मजकुरावरून गणित करून एक ठराविक लांबीची ओळ निघते, आणि फाईलमधला एक बिट बदलला तरी ती ओळ पूर्ण बदलते. फाईलचं नाव बदललं, पेन ड्राईव्हवर कॉपी केली, तरी हॅश तोच राहतो. फोटो फिरवून सेव्ह केला की गेला. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तरी गेला, कारण ते चित्र दाबून लहान करतं आणि आतली तारीख-ठिकाणाची माहितीही काढून टाकतं. त्यामुळे फोनमधून संगणकावर फाईल यूएसबी केबलने घ्या.

संगणकात सेव्हन-झिप हे मोफत सॉफ्टवेअर असेल तर फाईलवर राइट क्लिक करून हॅशच्या मेनूत एसएचए-२५६ निवडा. ६४ अक्षर-अंकांची ओळ येईल. ती हाताने उतरवू नका, कॉपी करून पेस्ट करा. प्रमाणपत्राच्या नमुन्यात एमडी-५ आणि एसएचए-१ चेही पर्याय आहेत, पण त्या दोन्हींत वेगवेगळ्या फाईलींचा एकच हॅश बनवून दाखवलेला आहे. तेव्हा वादाला जागा नको, २५६ च घ्या. हॅश त्याच दिवशी काढा. वर्षभराने काढलेला हॅश मधल्या वर्षाबद्दल काहीच सांगत नाही.

प्रमाणपत्र

नमुना कायद्याच्या अनुसूचीतच छापलेला आहे. भाग ‘अ’ वर उपकरण ज्याच्या ताब्यात त्याची सही, भाग ‘ब’ वर तज्ज्ञाची. रेकॉर्डिंग मित्राच्या फोनमधलं असेल तर ‘अ’ मित्राचा, सोसायटीच्या कॅमेऱ्याचा असेल तर ते काम बघणाऱ्या पदाधिकाऱ्याचा. तज्ज्ञ म्हणजे नेमका कोण, याची व्याख्या कलम ६३ मध्ये नाही, म्हणून तुमचं कोर्ट कुणाची सही मान्य करतं ते तिथे रोज उभं राहणाऱ्या वकिलाला विचारा.

उपकरणाचा प्रकार, बनावट, मॉडेल, अगदी रंगसुद्धा, सीरियल क्रमांक, आयएमईआय, हॅश आणि तो काढण्याची पद्धत, हे सगळं भरायचं असतं. वेळ चोवीस तासांच्या घड्याळाप्रमाणे. हॅशचा अहवाल जोडायचा असतो, आणि तो जोडायलाच लोक विसरतात. दुसरी नेहमीची चूक: तक्रारीसोबत एकदा प्रमाणपत्र दिलं म्हणजे झालं असं समजणं. कायदा म्हणतो, नोंद जेव्हा जेव्हा पुराव्यात दाखल कराल तेव्हा तेव्हा प्रमाणपत्र द्या. पेन ड्राईव्हचे किमान तीन संच करा: कोर्टाला, समोरच्याला आणि स्वतःला. विरुद्ध पक्षकार चार असतील तर त्या हिशेबाने.

कुणी प्रमाणपत्र द्यायला नकार दिला तर भांडत बसू नका. लेखी मागणी, स्मरणपत्र, मग कोर्टाकडे अर्ज. जालन्याच्या प्रकरणात हा कागदोपत्री पाठपुरावाच कामी आला.

फोन पोलिसांकडे देताना

तपासी अंमलदार फोन मागतील. जप्ती पंचनाम्यात आयएमईआय, पडद्यावरचे तडे, सिमकार्ड आत आहे की नाही, हे लिहिलं आहे ना ते सही करण्याआधी वाचा आणि प्रत मागा. जप्तीचं चित्रीकरण नव्या संहितेच्या कलम १०५ ने बंधनकारक आहे, त्यामुळे ते मागायला संकोच नको. फोन परत हवा असेल तर कलम ४९७ किंवा ५०३ खाली कोर्टात अर्ज करून सुपुर्तनाम्यावर (मागितल्यावर हजर करण्याच्या लेखी हमीवर) मिळतो. पण खटला संपेपर्यंत तो विकायचा नाही, फॅक्टरी रिसेट करायचा नाही. बॅटरी फुगली तर दुरुस्तीआधी वकिलाला विचारा आणि दुकानाचं बिल जपून ठेवा.

एक प्रकार मात्र या सगळ्याला अपवाद आहे. लहान मुलांचं लैंगिक चित्रण तुमच्यापर्यंत आलं, तर ‘पुरावा’ म्हणून ते कॉपी करू नका, वकिलालाही पाठवू नका. ते बाळगणं आणि पुढे पाठवणं हाच पोक्सो आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा आहे. लिंक, पाठवणाऱ्याचा नंबर आणि वेळ कागदावर लिहा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात लगेच कळवा, आणि फोनचं काय करायचं ते पोलिसांनी सांगेपर्यंत तो तसाच बाजूला ठेवा.