मैल्याच्या गाळातून वीज: प्रयोगाला बसण्याआधी

मैल्याच्या गाळातल्या जिवाणूंकडून वीज मिळवणारा घट (मायक्रोबियल फ्युएल सेल) मी बनवला. पहिल्याच आठवड्यात त्याच्या दोन तारांना लावलेल्या मल्टिमीटरवर ०.७ व्होल्ट दिसले आणि मी आनंदाने घरी फोन केला. दुसऱ्या दिवशी गाईडनी दोन तारांमध्ये १००० ओहमचा रेझिस्टर लावायला सांगितला. आकडा ०.०९ वर घसरला. त्याचा वर्ग भागिले १०००, म्हणजे जेमतेम आठ मायक्रोवॅट! तारा मोकळ्या असताना दिसतो तो नुसता दाब. वीज किती, ते रेझिस्टर लावल्यावरच कळतं.

माझा हा घट इतकी कमी वीज का देतो, हे समजायला मला तीन आठवडे लागले. जिओबॅक्टरसारखे जिवाणू ऑक्सिजन नसलेल्या जागी अन्न मोडतात आणि सुटलेले इलेक्ट्रॉन ॲनोडच्या, म्हणजे घटाच्या ऋण टोकाच्या, कार्बनला देतात. तारेतून ते कॅथोडला, म्हणजे धन टोकाला, पोचतात आणि तिथे ऑक्सिजन व हायड्रोजन आयनांशी मिळून पाणी होतं. ॲनोडच्या कप्प्यात हवा शिरली, तर ऑक्सिजन इलेक्ट्रॉन तिथेच घेऊन टाकतो. मी नमुना काढायला रोज बूच उघडत होते. बूच सिलिकॉनने बंद केलं, नमुन्यासाठी चिमटा लावलेली नळी बसवली आणि मग हात लावला नाही. नवव्या दिवशी त्याच रेझिस्टरवर ०.३ व्होल्ट आले.

मेम्ब्रेनसाठी, म्हणजे दोन टोकांच्या मधल्या पडद्यासाठी, नेफिऑन हे खास प्लास्टिकच हवं असा हट्ट धरू नका, ते फार महाग पडतं. आयआयटी खरगपूरमध्ये मकरंद घांगरेकर यांच्या गटाने मातीचं मडकं वापरून असे घट केले आहेत. मी कुंभाराकडून आणलेल्या साध्या मडक्यानेच काम भागवलं.

डायजेस्टरच्या, म्हणजे हवाबंद टाकीत कुजवलेल्या, गाळात मिथेन करणारे सूक्ष्मजीवही असतात आणि तेही त्याच अन्नावर जगतात. म्हणून रोजचा जमाखर्च मांडा. सीओडी म्हणजे पाण्यातलं सेंद्रिय अन्न मोडायला लागणाऱ्या ऑक्सिजनचं माप. १ ग्रॅम सीओडी पूर्ण मोडला तर सुमारे १२,००० कूलोम (विद्युतभाराचं एकक) मिळायला हवेत. ०.३ मिलिअँपिअर दिवसभर वाहिला तर फक्त २६ येतात. सीओडी किती घटला ते मोजून या दोन्हींची तुलना करा. बाकीचे इलेक्ट्रॉन कुठे गेले हे शोधण्यातच मला या विषयाची गोडी लागली.

एसटीपीवरून (सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावरून) गाळ आणायला जाताना हातमोजे आणि चष्मा घालाच, धनुर्वात व हिपॅटायटिसच्या लसींबद्दल आधी डॉक्टरांशी बोला. आणलेल्या बाटलीचं झाकण घट्ट लावू नका, आत वायू साठतो.