घरी बनवलेली व्हील कॅप लावताना या चुका टाळा

पत्रा किंवा प्लॅस्टिक शीट कापून केलेली कॅप दारात उभ्या गाडीच्या चाकावर झकास बसते. खरी परीक्षा हायवेला. १६५/८० आर १४ मापाचा टायर ताशी ८० किलोमीटर वेगाला सेकंदाला ११ वेळा फिरतो. कॅपच्या कडेला १० ग्रॅमचा नट-बोल्ट असेल, तर तेव्हा तो जवळपास एक किलोच्या जोराने बाहेर ओढला जातो. नुसत्या डबल टेपवर किंवा ग्लूवर विसंबू नका. सुटलेली कॅप मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला लागू शकते.

सगळ्यात घातक चूक म्हणजे कॅपला भोकं पाडून ती चाकाच्या नटांखालीच आवळणं. मजबूत वाटतं खरं, पण चाक धरून ठेवतो तो नट आणि डिस्क (टायर जिच्यावर बसतो ती चाकाची तबकडी, ब्रेकची डिस्क नव्हे) एकमेकांना थेट भिडल्यामुळे येणारा दाब. मध्ये प्लॅस्टिक आलं की ते तापून दबतं, नट ढिले पडतात आणि कॅप राहते बाजूला, चाकच निखळू शकतं. डिस्कला ड्रिलही मारू नका, तिथून तडा जाऊ शकतो.

डिस्कला मुळातच भोकं असतात. त्यांतून जाड, काळे केबल टाय ओवा, निदान सहा, समोरासमोर. पांढरे टाय उन्हात लवकर कडक होऊन तुटतात. भोकाची कड धारदार असेल तर टायवर जुन्या ट्यूबचा तुकडा चढवा. मग जॅक लावून चाक हाताने फिरवा. आत टाय कॅलिपरला, म्हणजे ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाला, घासत असेल तर तिथेच ऐकू येईल.

१४ इंची डिस्कला १४ इंचाची कॅप, हा हिशेबही चुकतो. १४ इंच हे टायर जिथे बसतो तिथलं माप. बाहेरच्या कडेपर्यंत डिस्क साधारण ३९० मिलिमीटर भरते. टेपने मोजा आणि कॅप कडेच्या आत ठेवा, पत्रा टायरला घासला तर रबर कापतो. हवा भरायच्या व्हॉल्व्हसाठी खाच ठेवायला विसरू नका.

पूर्ण बंद कॅपमुळे धावत्या गाडीला हवेचा अडथळा कमी होतो, हे खरं. पण ब्रेक गार करणारी हवाही आत जात नाही. साताऱ्याजवळच्या कासहून यवतेश्वर घाट उतरताना ब्रेक तापतात आणि पाणी शोषलेलं जुनं डॉट ३ प्रतीचं ब्रेक ऑइल १४० अंशांच्या आसपास उकळू शकतं. मग पेडल खोल जातं, ब्रेक लागत नाही. निदान पुढच्या चाकांच्या कॅपला मोठ्या खिडक्या ठेवाच.

टकटक आवाज आला तर आधी टाय तपासा. ७०-८० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरलं तर कॅप काढून गाडी चालवून बघा. थरथर गेली तर कॅप मध्यावर बसलेली नाही, किंवा आत कासच्या रस्त्याचा लाल चिखल साचलाय. तशीच राहिली तर चाकांचं बॅलन्सिंग करून घ्या. डिकीत कटर आणि थोडे जादा टाय असू द्या. पंक्चर झाल्यावर कॅप काढल्याशिवाय नटाला पाना लागणार नाही.