कॉलेजआधी एक वर्ष काम आणि प्रवास: कसं आखायचं

सुरुवात प्रवेशापासून करा, तिकिटापासून नाही. कॉलेजचा अर्ज शाळेच्या शेवटच्या वर्षातच भरायचा. शिफारसपत्र देणारे शिक्षक आणि दाखले तेव्हा हाताशी असतात. परदेशात बसून तेच जमवताना नाकी नऊ येतात. जागा मिळाली की ती वर्षभर राखून ठेवायची विनंती करा आणि होकार लेखीच घ्या. काही कॉलेजांत ही सोय नसते, म्हणून आधीच विचारा. शिष्यवृत्ती पुढे सरकते का, हेही त्याच पत्रात स्पष्ट करून घ्या. जागा राहिली पण शिष्यवृत्ती गेली, तर वर्ष फार महागात पडतं.

मग कॅलेंडर शेवटाकडून भरा. कॉलेजआधीचे 6 आठवडे घरी, त्याआधीचे पाचेक महिने प्रवास, आणि अगदी सुरुवातीचे पाच-साडेपाच महिने घरी राहून नोकरी. आधी फिरू, मग कमवू असं केलं की पैसे वाटेतच संपतात आणि अनोळखी गावात मिळेल ते काम धरावं लागतं.

साठलेल्या रकमेतून परतीचं तिकीट, विमा आणि महिन्याभराचा खर्च वेगळ्या खात्यात टाका. उरलेल्या पैशांना प्रवासाच्या दिवसांनी भागा. रोजचा आकडा तुटपुंजा वाटला तर देश कमी करा, कारण पैसा सगळ्यात जास्त जातो तो जागा बदलण्यात. एका ठिकाणी तीन-चार आठवडे राहिलं तर भाडंही कमी लागतं आणि माणसं ओळखीची होतात. खरं तर त्यासाठीच जायचं असतं.

गाडी अडते ती व्हिसावर. पर्यटक व्हिसावर नोकरी चालत नाही हे ठाऊक असतं. पण राहण्या-जेवणाच्या बदल्यात केलेलं शेतकामही कित्येक देशांत कामच धरतात, आणि त्यावरून विमानतळावरूनच परत पाठवू शकतात. वर्किंग हॉलिडे व्हिसा यासाठीच असतो, मात्र तो करार केलेल्या देशांच्या नागरिकांनाच मिळतो आणि साधारणपणे 18 वर्षं पूर्ण लागतात. सतराव्या वर्षी शाळा संपत असेल तर वाढदिवस बघून महिने ठरवा. शेंगेन, म्हणजे आपसांत सीमातपासणी नसलेल्या युरोपातल्या गटातल्या, 29 देशांतल्या मुक्कामाची मोजणी एकत्रच होते: कुठल्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस, आल्याचा आणि निघाल्याचा दिवस धरून. देश बदलला म्हणून दिवस नव्याने मिळत नाहीत.

पासपोर्टची मुदत परतीनंतर निदान 6 महिने हवी. लसी नोकरीच्या महिन्यांतच सुरू करा: हिपॅटायटिस बीच्या नेहमीच्या तीन मात्रांना सहा महिने लागतात, आणि पीतज्वराचं प्रमाणपत्र पहिल्यांदा लस घेतल्यावर 10 दिवसांनी लागू होतं. विम्यात अंगमेहनतीचं काम आणि दुचाकीचा अपघात येतो का, ते वाचून घ्या; हे दोन्ही बऱ्याचदा वगळलेले असतात.

गणितावर आधारलेला विषय घेणार असाल तर आठवड्याला तीन तास सराव ठेवा. आणि निघण्याआधी घरातल्या एका माणसाला कॉलेजच्या तारखांची यादी द्या. वसतिगृहाचे अर्ज नेमके तुम्ही नेटवर्कबाहेर असताना निघतात.