तक्ता केवढा होईल?

कॉम्प्युटरची पदवी घेऊन मी तत्त्वज्ञानाच्या एम.ए.ला आलो. मन आणि यंत्र यांवर बोलायला तेवढं पुरेल असं वाटत होतं. पहिल्या सेमिनारला तत्त्वज्ञ नेड ब्लॉक यांचा 1981 सालचा युक्तिवाद मांडला: ठरावीक लांबीच्या साऱ्या संभाषणांची उत्तरं आधीच तक्त्यात भरून ठेवली, तर यंत्र ट्युरिंग चाचणीत (लेखी गप्पांत यंत्र माणसासारखं वाटतं का, याची परीक्षा) पास होईल, पण त्याला समज नसेल. वर्गातल्या एकीने विचारलं, "तक्ता केवढा होईल?" मी गप्प.

रात्री होस्टेलवर आकडेमोड केली. संवाद फक्त 100 अक्षरांचा, दर जागी 50 पर्याय. 50 चा 100 वा घात, म्हणजे 170 अंकी संख्या! दृश्य विश्वातले अणू ढोबळमानाने 1 वर 80 शून्यं. ब्लॉक यांचं म्हणणं यामुळे खोटं पडत नाही. त्यांना 'तत्त्वतः शक्य' एवढंच पुरे होतं. पण कवटीत मावणारा मेंदू असा चालत नाही, हे नक्की. मग थोड्या जागेत, थोड्या वेळात उत्तर काढता येणं हाच समजेचा भाग का मानू नये? संगणकशास्त्रज्ञ स्कॉट अ‍ॅरन्सन यांचा 2011 चा निबंध याच वाटेने जातो. माझा विषय तिथेच ठरला: उत्तर काढायला लागणारा वेळ आणि जागा यांचा तत्त्वज्ञानाशी संबंध.

नव्याने येणाऱ्यांनी आधी ट्युरिंग यांचा 1950 चा मूळ लेख वाचावा, त्यावरच्या टीका नंतर. 'एनपी-कम्प्लीट' (उत्तर तपासणं सोपं, पण शोधायची वेगवान रीत ठाऊक नाही, अशा प्रश्नांचा एक गट) हा शब्द जपून वापरा. तो सर्वांत अवघड उदाहरणांविषयी बोलतो, रोजच्या नव्हे. मी पहिल्या निबंधात इथेच चुकलो होतो.

ज्ञानमीमांसेची, म्हणजे 'जाणणं म्हणजे काय' या प्रश्नाची, आवड असेल तर मूळ संख्यांकडे वळा. संख्या मूळ आहे का, हे पॉलिनॉमिअल वेळात (अंक वाढले तरी वेळ आवाक्यात राहील असं) ठरवण्याची खात्रीची रीत आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी 2002 मध्ये दिली. अवयव पाडायची तितकी वेगवान रीत नेहमीच्या संगणकासाठी अजून सापडलेली नाही. म्हणजे संख्या संयुक्त आहे हे पक्कं कळतं, पण त्या संख्येतूनच निघणारा अवयव एकही ठाऊक नसतो. 'जाणणारा आपल्या ज्ञानातून निघणारं सगळंच जाणतो' असं ज्ञानाच्या तर्कशास्त्रात सर्रास गृहीत धरतात, ते इथे डळमळतं.

हे हाताने करून बघा. 2 च्या 90 व्या घाताला 91 ने भागा. 91 मूळ असती तर बाकी 1 उरली असती. उरते 64. 7 आणि 13 अजून कुठे दिसलेलेही नाहीत.